ओढ्याचं पाणी तपासायचं कसं? विद्यार्थ्यांच्या नव्या गटासाठी

नवा गट ओढ्यावर पोचला की सगळ्यांचे हात आधी मीटरकडे जातात. कुणीतरी प्रोब पाण्यात बुडवतं, पडद्यावर ७.८ दिसतं, दुसरं कुणी ते वहीत उतरवतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. महिन्याभराने तीच वही उघडली, की हा ७.८ काठालगतचा होता की मधल्या धारेतला, सकाळचा की दुपारचा, मीटर त्या दिवशी जुळवलं होतं की नाही, यातलं काहीच कळत नाही. असा आकडा शेवटी टाकूनच द्यावा लागतो. म्हणून या लेखात उपकरणं जरा उशिरा येतात. पाणी तपासणीत रसायनं हाताळणं त्या मानाने सोपं. दुसरा गट त्याच जागी जाऊन पडताळू शकेल असा आकडा मिळवणं अवघड, आणि शिकवायचं ते मुख्यतः हेच.

आधी प्रश्न ठरवा

‘आमच्या ओढ्याचं पाणी कसं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर कुठलंही किट देत नाही. ‘या पाइपाच्या वर आणि खाली पाण्यात फरक पडतो का?’, ‘पावसानंतर गढूळपणा किती दिवसांत उतरतो?’, ‘पहाटे आणि दुपारी ऑक्सिजन किती बदलतो?’ या प्रश्नांची देतं. प्रश्न असा हवा की त्यातूनच जागा, वेळ आणि चाचण्या ठरतील. पाइपाचा प्रश्न घेतला तर किमान दोन जागा लागणार, एकाच दिवशी. पहाटेचा घेतला तर एकच जागा पुरेल, पण कुणाला तरी उजाडण्याआधी उठावं लागेल.

एक प्रश्न मात्र मुलं हमखास विचारतात : हे पाणी प्यायला चालेल का? त्याचं उत्तर शाळेच्या किटवरून कधीही देऊ नका. पिण्याच्या पाण्यात जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं असं बरंच काही पाहावं लागतं, आणि त्यातलं बहुतेक प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. ‘आमच्या चाचण्यांत सगळं ठीक आलं’ याचा अर्थ ‘पाणी प्या’ असा कुणी घेतला, तर त्या सगळ्या मेहनतीतून नुकसानच व्हायचं.

जागा

ओढा सगळीकडे सारखा नसतो. दगडांवरून पाणी खळाळत जातं तिथे हवा मिसळते. डोहात पाणी संथ असतं आणि तळाशी गाळ बसतो. वरच्या अंगाची जागा खळाळातली आणि खालच्या अंगाची डोहातली निवडली, तर दिसणारा फरक पाइपामुळे की डोहामुळे, हे सांगता येणार नाही. दोन्ही जागा शक्य तितक्या सारख्या घ्या.

पाइपाचं किंवा उपओढ्याचं पाणी मिसळलं की लगेच एकजीव होतं, असा समज असतो. प्रत्यक्षात ते बरंच अंतर एकाच काठाला चिकटून वाहतं. तपासायची युक्ती सोपी आहे : डावा काठ, मध्य आणि उजवा काठ अशा तीन ठिकाणी विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर पाणी मिसळलंय. नसतील तर आणखी खाली जा. ही एक खेप फुकट गेल्यासारखी वाटते, पण पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे राहतात.

जागा ठरली की तिला छोटं नाव किंवा क्रमांक द्या, अक्षांश-रेखांश लिहून ठेवा आणि एका ठरावीक दगडावरून वर-खाली असे दोन फोटो काढा. दर खेपेला फोटो त्याच दगडावरून. जमीन कुणाची आहे ते विचारून परवानगी घ्या, आणि उतरायची वाट सगळ्यांत घाबरट मुलाच्या पायांनी तपासा.

सुरक्षिततेचे नियम

यावर चर्चा नको. एकट्याने कुणी पाण्यात उतरायचं नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर आत जायचं नाही; ओढ जोराची असेल तर गुडघ्याच्या आतही नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या भागात पाऊस चालू असू शकतो, म्हणून पाणी अचानक गढूळ होऊ लागलं किंवा काटक्या-पाला वाहत यायला लागला, की सामान सोडून आधी काठावर. हातापायाला उघडी जखम असलेल्याने त्या दिवशी नोंदी घ्याव्यात. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार अशाच वाटेने शिरतात. परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. अनवाणी तर कुणीच नाही, काचा दिसत नसल्या तरी.

पहिला अर्धा तास : डोळे आणि नाक

उपकरणांची पेटी बंद ठेवून सुरुवात करा. हवामान, गेल्या दोन-तीन दिवसांतला पाऊस, पाण्याची पातळी, रंग, वास, काठावरची झाडं, जनावरांच्या पायवाटा, कचरा : सगळं लिहून काढायचं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून त्यांना कोडी घाला.

फेस दिसला की ‘साबण!’ असं कुणीतरी ओरडतंच. कुजणाऱ्या पानांतल्या द्रव्यांमुळेही फेस होतो. तो मळकट, तपकिरी झाक असलेला असतो आणि त्याला मातीचा वास येतो. साबणाचा फेस बहुधा पांढरा असतो आणि त्याला अनेकदा सुवास असतो. तसंच संथ पाण्यावरच्या इंद्रधनुषी तवंगाचं. काडीने तो ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच तरंगत राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा थर, आणि शेजारच्या दगडांवर नारिंगी बुळबुळीत गाळही सापडेल. काडी फिरवल्यावर तवंग पुन्हा सांधला गेला, तर ते तेल. ही काडीची परीक्षा एकदा केली की मुलं पुढे प्रत्येक डबक्यापाशी थांबतात. उशीर होतो, पण होऊ द्यावा.

नितळ म्हणजे स्वच्छ, हा ग्रह इथेच पुसून टाका. नायट्रेट, क्षार, जिवाणू, आम्ल यांपैकी काहीही काचेसारख्या पाण्यात असू शकतं.

नमुना घेणं

प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ आपल्या मागे वाहून जाईल. बाटली शक्यतो मधल्या धारेत, काठालगतच्या साचलेल्या पाण्यात नको. रसायनांच्या चाचण्यांसाठीची साधी बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळा आणि विसळलेलं पाणी खालच्या बाजूला ओता. मग बाटली उपडी करून पृष्ठभागाखाली न्या, तिथे तोंड प्रवाहाकडे वळवा आणि भरू द्या. पृष्ठभागावरचा तवंग आणि पाला आत येत नाही तो यामुळे. निर्जंतुक बाटली किंवा आधीच रसायन घातलेली बाटली मात्र कधीच विसळायची नाही.

बाटलीवर लेबल भरण्याआधी लावा. ओल्या बाटलीवर काहीच चिकटत नाही. जागा, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याची आद्याक्षरं एवढं पुरे. पेन्सिल वापरा, शाई पाण्यात फुटते.

दोन जागांचा नमुना घ्यायचा असेल तर आधी खालची, मग वरची. उलट केलं तर वर ढवळलेला गाळ खालच्या बाटलीत येऊन बसतो.

ओढ्यातच करायच्या चाचण्या

तापमान सगळ्यांत आधी, आणि थेट प्रवाहात. बादलीत पाणी काढून मोजलं की ते काही मिनिटांत बदलतं. थर्मामीटर दोन मिनिटं पाण्यात ठेवा आणि पाण्यात असतानाच वाचा. सावलीतली आणि उन्हातली जागा यांत फरक पडतो, तेव्हा कुठे मोजलं ते लिहा. साधं वाटतं, पण तापमान नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

पीएच, म्हणजे माती परीक्षणात ज्याला सामू म्हणतात तो, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडला. मोजपट्टी लॉगरिदमची आहे : ६ चं पाणी ७ च्या पाण्यापेक्षा दहापट आम्लधर्मी. मीटर त्याच दिवशी ७ च्या बफरने (बफर म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण) आणि ४ किंवा १० च्या बफरने जुळवून घ्या. अपेक्षित आकडा त्या दोन बफरांच्या मध्ये पडायला हवा. प्रोब डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते. त्याने प्रोब लवकर निकामी होतो, तो साठवणीच्या द्रावणातच ठेवायचा. ओढ्यात क्षार फारच कमी असतील तर आकडा हळूहळू सरकत राहतो, तेव्हा घाई नको. बहुतेक ओढे ६.५ ते ८.५ च्या आसपास असतात. शेवाळ भरपूर असेल तर दुपारी प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो आणि पीएच ९ कडे सरकतो. वेळ लिहायची ती म्हणूनच.

विद्युतवाहकता ही माझ्या मते नवख्यांसाठी सगळ्यांत भरवशाची चाचणी. रसायन नाही, रंग ओळखायचा नाही, मीटर स्वस्तातलं असलं तरी आकडा पुन्हा तोच येतो. विरघळलेल्या क्षारांची एकूण कल्पना ती देते. डिस्टिल्ड पाण्याची वाहकता मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये जेमतेम एक अंकी, तर समुद्राची सुमारे ५०,०००. ओढे त्या मधे कुठेतरी, आणि कुठे ते खडकावर ठरतं. म्हणून एकट्या आकड्यावरून ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ ठरवू नका. त्याच जागेचा नेहमीचा आकडा काय, ते पाहा. पावसाने तो साधारणपणे उतरतो, सांडपाण्याने चढतो. तापमान १° से.ने वाढलं की वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे मीटर २५° से.ला जुळवून आकडा देतं की नाही ते पाहून घ्या. ‘टीडीएस’ (विरघळलेले एकूण पदार्थ) दाखवणारं पेन खरं तर वाहकताच मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ यांपैकी कशाने तरी गुणतं. दोन पेनांचे आकडे जुळत नाहीत ते बहुधा या गुणकामुळे.

गढूळपणासाठी पारदर्शक नळी पुरते. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रात तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती; उथळ ओढ्यात तळच दिसतो, म्हणून तशीच एक काळी-पांढरी तबकडी नळीच्या बुडाशी बसवलेली असते. नळी भरा, उन्हाकडे पाठ करून तिला आपल्या सावलीत धरा, गॉगल काढा, आणि वरून बघत खालच्या चिमट्यातून पाणी सोडत राहा. तबकडी दिसू लागली की थांबा आणि उंची वाचा. दोघांनी स्वतंत्र वाचायचं आणि एकमेकांना सांगण्याआधी लिहायचं. नळी भरल्यावर गाळ खाली बसू देऊ नका. वेळ गेला असेल तर हलवून पुन्हा सुरुवात करा.

विरघळलेला ऑक्सिजन : इथे वेळ द्या

मीटरने हे मिनिटाभरात होतं. तरीही एकदा तरी विंकलर पद्धत हाताने करून घ्या. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये प्रसिद्ध केली आणि मीटर पडताळायला ती आजही वापरतात. शिवाय एरवी न दिसणारा वायू इथे रंग होऊन समोर येतो.

३०० मि.लि.ची, निमुळत्या काचेच्या बुचाची बीओडी बाटली घ्या (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन). ती तिरकी धरून हळूच पाण्याखाली न्या आणि बुडबुडे न करता भरू द्या. बोटाने टिचक्या मारून कडेला चिकटलेले बुडबुडे सोडवा आणि पाण्याखालीच बूच लावा. बाटली उलटी करून पाहा. एखादा बुडबुडा वर चढताना दिसला तर ओतून टाका आणि पुन्हा भरा. या एका बुडबुड्याने उत्तर बिघडतं.

मग बूच काढून पिपेटचं टोक पृष्ठभागाखाली ठेवून २ मि.लि. मँगेनीज सल्फेट आणि तसंच २ मि.लि. अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. बूच लावताना थोडं पाणी बाहेर सांडेल, ते ठीक. बाटली काही वेळा उलटसुलट करा. ढगासारखा तपकिरी साका तयार होतो आणि सावकाश खाली उतरू लागतो. साका जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. तो पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि त्या क्षणी गटात एकदम शांतता पसरते. साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा उलटसुलट करा, पुन्हा बसू द्या. आता २ मि.लि. संहत सल्फ्युरिक आम्ल. हे फक्त शिक्षकांनी, चष्मा आणि हातमोजे घालून. साका विरघळून पाणी सोनेरी पिवळं होतं. पाण्यात ऑक्सिजन होता तेवढ्याच प्रमाणात आयोडिन मोकळं झालं, त्याचा हा रंग. इथून पुढचं काम प्रयोगशाळेत केलं तरी चालतं, मात्र त्याच दिवशी आणि बाटली अंधारात ठेवून.

प्रयोगशाळेत २०० मि.लि. पाणी शंकुपात्रात घेऊन ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेट सोडा. पिवळा रंग फिकट झाला की स्टार्चचे थेंब घाला, पाणी निळं होईल. मग थेंब-थेंब सोडत निळा रंग जाईपर्यंत जा. जितके मि.लि. थायोसल्फेट लागलं, तितके मि.ग्रॅ. ऑक्सिजन एका लिटरमध्ये. थोड्या वेळाने निळा रंग परत आला तरी तिकडे लक्ष देऊ नका. अझाइड विषारी आहे, म्हणून उरलेली द्रावणं बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करा.

आता आकड्याचा अर्थ. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो : समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात १०° से.ला ११.३, २०° से.ला ९.१, ३०° से.ला ७.६ मि.ग्रॅ. प्रति लिटर. तुमचा आकडा ६.४ आला आणि पाणी २०° से.चं असेल, तर ते सुमारे ७० टक्के संपृक्त, म्हणजे मावू शकतो त्याच्या ७० टक्के ऑक्सिजन त्यात आहे. तेच पाणी ३०° से.चं असेल तर ८४ टक्के. आकडा एकच, पण पहिल्या ओढ्यात ऑक्सिजन काहीतरी खातंय आणि दुसऱ्यात मुख्यतः पाणी गरम आहे. उंच जागी हवेचा दाब कमी, त्यामुळे संपृक्ततेचे आकडेही खाली येतात. ती दुरुस्ती कोष्टकावरून करा. साधारणपणे ५ च्या खाली गेलं की अनेक जातींच्या माशांना त्रास सुरू होतो आणि २ च्या आसपास फार थोडे तग धरतात. दुपारी १०० टक्क्यांच्या वर आकडा आला तर लगेच खूश होऊ नका. ते भरघोस शेवाळाचं लक्षण असतं, आणि तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरून पहाटे पाण्याचा जीव काढतं. पहाटेचं एक रीडिंग दुपारच्या अनेक रीडिंगांपेक्षा जास्त सांगतं.

याच पद्धतीला जोडून बीओडी करता येतो. एकाच वेळी दोन बाटल्या भरा. एकीत रसायनं लगेच घाला. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून २०° से.ला ५ दिवस ठेवा आणि मग मोजा. पहिलीत ८.२ आणि दुसरीत ५.६ आला तर बीओडी २.६. दुसरीत १ पेक्षाही कमी उरला असेल तर उत्तर धरता येत नाही. तो नमुना विरळ करून पुन्हा करावा लागतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट

किटमधल्या सूचना पाळल्या की झालं, पण दोन ठिकाणी गट हमखास अडकतात. काही किटं नायट्रेट मोजतात, काही नायट्रेटमधला नायट्रोजन. दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिला मिळतो. म्हणजे एका गटाने ‘२’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘९’, तर दोघंही बरोबर असू शकतात. आकड्यापुढे एकक पूर्ण लिहायचं ते यासाठी. दुसरं, रंग जुळवणं. थेट उन्हात नको, पिवळ्या दिव्याखाली नको. उघड्या सावलीत, पाठीमागे पांढरा कागद धरून, आणि रसायन घातल्यावर सांगितलेल्या मिनिटांनीच. काही नायट्रेट किटांत कॅडमियम असतं. ती उरलेली द्रावणं ओढ्यात तर नाहीच, मोरीतही नाही.

जिवाणू

लहान वर्गांसाठी मी हे सरळ वगळेन. मोठ्यांसाठी : निर्जंतुक बाटली, बर्फाच्या अंधाऱ्या डब्यात, आणि शक्यतो ६ तासांच्या आत तपासणी सुरू. इ. कोलाय हा जिवाणू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो, म्हणून तो सापडणं हे विष्ठा मिसळल्याचं चिन्ह. तो माणसाच्या विष्ठेतून आला की गुरांच्या, हे साधी चाचणी सांगत नाही. उबवलेल्या ताटल्या पुन्हा उघडायच्या नाहीत. मोजून झालं की शिक्षकांनी त्या निर्जंतुक करूनच टाकायच्या.

दगडाखालचे किडे

मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतं. काल रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं, तर मीटरला पत्ताही लागत नाही. दगडाखालचे किडे मात्र महिनोन्महिने तिथेच असतात आणि जे घडलं ते त्यांना सोसावं लागतं.

खळाळात बारीक जाळी, छिद्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरचं, प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरा. एकाने जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहून पायाने तळ ढवळायचा, ठरलेली मिनिटं, साधारण ३. मोठे दगड हाताने चोळून जाळीत धुवायचे. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये, थोड्या ओढ्याच्याच पाण्यात. आधी नुसता कचरा दिसेल. मिनिटभर ट्रे न हलवता बघत राहा. कचऱ्यातला एकेक तुकडा चालू लागतो.

मेफ्लायच्या अळीला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले. ते लाटेसारखे फडफडताना भिंगाखाली दिसतात. स्टोनफ्लायला शेपट्या दोन, आणि प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायला एकच. कॅडिसफ्लायच्या अनेक अळ्या वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात, त्यामुळे ट्रेमधली ‘काडी’ चालताना दिसली तर ती हीच. हे तिन्ही गट साधारणपणे ऑक्सिजनने भरलेलं पाणी मागतात. चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या मधल्या. ट्रेमध्ये फक्त लाल अळ्या, गांडुळासारखे बारीक लाल कृमी आणि जळवाच असतील, तर ऑक्सिजनची चणचण आहे. लाल अळीचा रंग हिमोग्लोबिनचा. कमी ऑक्सिजनमध्ये ती त्यावरच निभावते.

गुण देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात आणि एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढतात. कोष्टक मात्र आपल्या प्रदेशासाठी जुळवलेलं वापरा. एका हवामानातलं दुसरीकडे जसंच्या तसं लागू होत नाही. ओळख पटत नसेल तर ‘ओळखता आलं नाही’ लिहून फोटो काढा. ट्रे सावलीत ठेवा आणि सगळे जीव जिथून घेतले तिथेच सोडा.

किती पाणी वाहतंय?

हे मोजायला बरेच गट विसरतात. बाटली तीन-चतुर्थांश पाण्याने भरून सोडा, म्हणजे ती बहुतांश बुडून तरंगेल आणि वारा तिला ढकलणार नाही. सरळ पट्ट्यात १० मीटर अंतर कापायला किती सेकंद लागतात ते काही वेळा मोजून सरासरी घ्या. रुंदी मोजा, आणि रुंदीभर ठरावीक अंतरांवर खोली मोजून तिचीही सरासरी काढा. तळाशी पाणी हळू जातं म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा.

रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल तर ०.२५५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २५५ लिटर. आता त्यात नायट्रेट लिटरला अवघं २ मि.ग्रॅ. असलं तरी दिवसाला सुमारे ४४ किलो नायट्रेट तिथून वाहून जातं. ‘फक्त २’ म्हणणारा गट हे गणित फळ्यावर पाहिल्यावर जरा थबकतो.

आकड्यांवर अविश्वास दाखवायची सवय

दर खेपेला एक चाचणी दोनदा करा, वेगवेगळ्या हातांनी. ऑक्सिजन ७.२ आणि ७.६ आला तर फरक सरासरीच्या ५ टक्क्यांच्या आसपास, चालेल. ७.२ आणि ९.१ आला तर दोन्ही बाजूला ठेवा आणि कुठे बिनसलं ते शोधा. डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली ओढ्यावर नेऊन तिच्यावरही सगळ्या चाचण्या करा. तिच्यात नायट्रेट सापडलं तर ते तुमच्या हातांतून, बाटलीतून किंवा जुन्या रसायनातून आलंय. शिक्षकांनी अधूनमधून माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण कुणाला न सांगता नमुना म्हणून द्यावं.

वहीत चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही. एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. मोजलं नसेल तिथे शून्य लिहायचं नाही, ‘मोजलं नाही’ लिहायचं. किटला ओळखता येईल त्याहून कमी असेल तर ‘०.५ पेक्षा कमी’ असं. मीटरने ७.८३४ दाखवलं म्हणून तेवढे दशांश उतरवायची गरज नाही.

शिकवायचा क्रम

पहिलं सत्र वर्गात : नळाचं पाणी, मीठ घातलेलं, माती ढवळलेलं, व्हिनेगर घातलेलं, बाटल्यांवर फक्त क्रमांक. गटांनी ओळखायचं. मीटर जुळवणं इथेच शिकवा, ओढ्यावर नाही. दुसऱ्या सत्रात ओढ्यावर फक्त निरीक्षण, तापमान, नळी आणि किडे. रसायनं त्यानंतर. नोंदणारा, मोजणारा, वेळ पाहणारा आणि सुरक्षा पाहणारा अशी कामं वाटा आणि दर जागेला बदला. नाहीतर धीट मुलं मीटर धरतात आणि लाजरी कायम वहीच. परतताना बूट आणि जाळ्या चिखल काढून धुवा आणि पूर्ण वाळवा. एका ओढ्यातले उपद्रवी जीव आणि रोग दुसऱ्यात पोचायची ही नेहमीची वाट आहे.

विचित्र आकडा आला तर

आधी मीटर पुन्हा जुळवा आणि त्याच जागी नवा नमुना घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या मीटरने पाहा, वरच्या अंगाला चालत जाऊन बदल कुठून सुरू होतो ते शोधा. बदल टिकला तर जागा, वेळ, फोटो, जुळवल्याची नोंद आणि दोन्ही रीडिंगं एकत्र करून पाण्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयाला कळवा. कुणाचं नाव घेऊन आरोप लिहू नका; ‘या पाइपाच्या वर इतकं, खाली इतकं’ एवढं पुरेसं असतं.

मेलेले मासे दिसले तर हात लावायचा नाही आणि मुलांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. शिक्षकांनी लगेच फोन करावा. तोवर काठावरून, लांब दांड्याला बांधलेल्या बाटलीने नमुना घ्यावा, तापमान आणि ऑक्सिजन जागच्या जागी मोजावा, बाटली गच्च भरून बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि घड्याळातली वेळ लिहावी. अधिकारी पोचेपर्यंत ते पाणी पुढे निघून गेलेलं असतं, आणि तपासायला उरते ती फक्त ही बाटली.